लाल पट्टीची गाय

गडी कारखान्यात लागला आणि गोठ्यात दोन हात कमी झाले. गाई होत्या तेवढ्याच राहिल्या. तो गेला त्या दिवशी भाऊ म्हणाला होता, "गेला तर गेला. त्याच्यावाचून गाई काही पान्हा चोरणार नाहीत." गाईंनी पान्हा चोरला नाही हे खरं. पण त्याच्या वाट्याच्या धारा आत्याच्या आणि खडीच्या अंगावर पडल्या, आणि उन्हाळा तापायच्या आत आत्याच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक ठणका येऊन बसला. आधी तो धार काढतानाच यायचा. मग झाकण फिरवताना यायला लागला. आता तो मुक्कामालाच होता.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर भावानं त्याचा एकच अर्थ काढला असता.

खडी म्हणजे भावाची मुलगी. खरं नाव शाळेत चालायचं. घरी ती खडीच, कारण पायांवर उभी राहिल्यापासून तिच्या खिशात कायम दगडगोटे. तिची आई गेली तेव्हा ती आत्याच्या कमरेलाही लागत नव्हती. आत्यानं तिला वाढवलं. वाढवलं म्हणजे काय केलं, तर गोठ्यात जाताना बरोबर नेलं आणि येताना बरोबर आणलं. आता त्या खडीला मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. दगडांचं शास्त्र शिकायला.

"दगड?" भाऊ म्हणाला होता. "आपल्या रानात कमी आहेत का? रोज सकाळी उठून चार वाचत जा."

प्रवेश मिळाला होता, पण होकार कळवायचा राहिला होता. प्रवेश मिळालेल्या मुलांच्या घरच्यांनी येऊन सगळं डोळ्यांनी बघावं असा एक दिवस विद्यापीठानं ठेवला होता, आणि त्याच दिवशी पाचच्या आत मुलीनं आणि वडिलांनी खिडकीसमोर उभं राहून हो किंवा नाही सांगायचं होतं. भाऊ नाही म्हणत नव्हता. होही म्हणत नव्हता. "बघू," म्हणायचा. हे "बघू" आत्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. गोठ्याच्या छपराला पन्हळ लावायची होती, तेव्हाही त्यानं "बघू"च म्हटलं होतं. छपराचं पाणी अजून तिच्या पाठीवर पडत होतं.

त्या दिवशी धारा नेहमीपेक्षा लवकर उरकायच्या होत्या. आत्या आणि खडी पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. दोन बादल्यांतले दोन आवाज. खडीचा आवाज एकसारखा, आत्याचा मधेच अडखळणारा.

"आत्या, हल्ली किती हळू काढतेस गं."

"गाय म्हातारी झालीय."

"ही? ही तर दुसऱ्यांदा व्यालीय."

"मग मी झालेय म्हातारी. तू तुझ्या बादलीकडे बघ."

थोड्या वेळानं खडी म्हणाली, "बाबा नाही म्हणतील का?"

"तुझा बाप नाही कधीच म्हणत नाही. तो नुसता उशीर करतो."

"आज उशीर म्हणजे नाहीच की."

आत्यानं गाईच्या कुशीला कपाळ टेकलं आणि अंगठ्याऐवजी चार बोटांनीच सड पिळायला लागली. धार बारीक येत होती, पण येत होती.

संध्याकाळच्या धारांसाठी शेजारचा चष्मेवाला आणि त्याची बायको येणार होते. चष्मेवाला कुंपणापाशी उभा राहून म्हणाला, "मागच्या वेळी तुमच्या गाईनं हिला बादलीसकट उडवलं होतं."

"ती लाथाळ आहे," आत्या म्हणाली. "लाथाळ गाईच्या मागच्या पायाला लाल चिंधी बांधलीय. ती दिसली की आधी पाय बांधायचे, मग बसायचं."

"आमच्या हिच्याही पायाला एक बांधून ठेवा," चष्मेवाला म्हणाला, आणि बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं की चिंधीची गरज उरली नाही.

*

टेम्पो दुधाचा होता. भावानं कॅन उतरवून ठेवले होते, मागचा भाग धुऊन काढला होता, तरी वास जायचा नाही. खडी मधे बसली. तिनं धुतलेले केस खिडकीच्या बाजूला धरायचा प्रयत्न केला, पण खिडकीशी आत्या होती.

विद्यापीठाच्या मोठ्या गेटवरच्या रखवालदारानं टेम्पो बघितला आणि आत न वाकताच हात हलवला. "माल मागच्या गेटनं."

"माल नाही," भाऊ म्हणाला. "पाहुणे आहोत. पोरीला प्रवेश मिळालाय."

रखवालदार आता वाकला. त्यानं तिघांचे इस्त्रीचे कपडे बघितले. "असू दे. पण टेम्पो मागच्या गेटनं. इथं फक्त गाड्या लावतात."

"मग ही काय होडी आहे?"

"बाबा," खडी हळूच म्हणाली.

भावानं टेम्पो वळवला. विद्यापीठाच्या भिंतीला वळसा घालता घालता त्याची बडबड चालू होती. केवढी ही भिंत, हिच्या आत काय ठेवलंय आणि ते कोण चोरणार. मागच्या गेटाशी मात्र तो गप्प झाला. काच खाली करून त्यानं हवा हुंगली. वाळल्या गवताचा वास होता. शेणाचाही.

"इथं गुरं आहेत," तो म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला. "खडी, इथं गाईंचंसुद्धा शिकवतात?"

"दुसरा विभाग आहे तो, बाबा."

"मग त्या दुसऱ्यात घाल की नाव. चार वर्षांनी घरी उपयोग तरी होईल."

खडी खाली उतरली आणि काही न बोलता कपड्यांवरचं गवत झटकू लागली. गवत नव्हतंच.

मांडवात प्रत्येकाच्या छातीवर एकेक चिकटपट्टी लावत होते. दगडांच्या विभागाची पिवळी. आत्यानं आपली पट्टी दोनदा दाबून घेतली. मग एक मुलगी आली, त्याच विभागात शिकणारी, आणि पिवळ्या पट्टीच्या सगळ्या घरांना घेऊन निघाली. ती त्यांच्याकडे तोंड करून उलटी चालत होती आणि उलटं चालता चालता बोलत होती. हे ग्रंथालय. ही प्रयोगशाळा. हे मैदान.

"पडेल ही," आत्या म्हणाली.

"रोज हेच करत असेल," भाऊ म्हणाला. "बैल नाही का घाण्याचा, डोळे बांधले तरी फिरतो."

त्याचे बूट नवे होते. पहिल्या इमारतीपर्यंत तो नीट चालला, दुसरीपाशी पाय ओढायला लागला, आणि पुढं जिथं बाक दिसेल तिथं थांबायला लागला. थांबला की त्याला प्रश्न सुचायचे.

"हे गवत कोण कापतं?"

उलटी चालणारी थांबली. "माळीकाका आहेत."

"आणि कापलेलं जातं कुठं?"

"म्हणजे... माहीत नाही. टाकत असतील."

"टाकतात!" भावानं मागं वळून सगळ्या आईबापांना सांगितलं. "ऐकलंत? एवढं गवत टाकतात."

एक बाई छान हसली, तिच्या नवऱ्यानं घड्याळ बघितलं. खडी त्या घोळक्यात पुढच्या पोरांबरोबर होती. ती मागं वळली नाही. पण तिची मान आत्याला मागून दिसत होती, आणि मानेवर चढलेला लाल रंगही. त्यानंतर पुढची पोरं आणि मागची माणसं यांच्यातलं अंतर वाढत गेलं. भावाला वाटलं ते त्याच्या बुटांमुळे.

शेवटी दगडांच्या खोलीत नेलं. भिंतभर लाकडी खण, खणाखणांत दगड. आत्याला ते सगळे सारखेच दिसले. पण एका खणापाशी खडी थांबली, आतला दगड उचलून उजेडाकडे फिरवला आणि उलटं चालणाऱ्या मुलीला काहीतरी विचारलं. त्या मुलीनं उत्तर दिलं. खडीनं मान हलवली, पुन्हा विचारलं. मग दोघीही त्या दगडावर वाकल्या आणि बाकीची माणसं खोलीत आहेत हे दोघी विसरल्या. खडीचं तोंड किंचित उघडं होतं. बरोबरीच्या माणसाशी आपल्या आवडीचं बोलताना माणसाचं तोंड असं होतं हे आत्यानं पहिल्यांदाच बघितलं. गोठ्यात तिनं ते कधी बघितलं नव्हतं.

तिनं भावाकडे पाहिलं. तो बुटाची नाडी सैल करत होता.

*

जेवणाच्या दालनापुढं भली मोठी रांग होती. "रांगेत उभं राहून जेवायचं?" भाऊ म्हणाला. "गुरांनासुद्धा आपण जागेवर आणून देतो. डबा आहे की टेम्पोत."

"बाबा, सगळे इथंच जेवतायत."

"सगळ्यांनी आणला नसेल."

"मी आणते डबा," आत्या म्हणाली. खडी उठली, तिला आत्यानं खांद्याला धरून बसवलं. "तू बस. तुझं इथं काम आहे."

एकटीनं चालायला तिला बरं वाटलं. कुणाच्या मागं राहायचं नाही, कुणाच्या मानेकडे बघायचं नाही. उन्हात रस्ता रिकामा होता. टेम्पोपाशी पोचून तिनं दाराला हात घातला, आणि तेव्हा तो आवाज आला.

गाय ओरडत होती. भुकेचा आवाज वेगळा असतो, वासरासाठीचा वेगळा. हा तिसरा होता, लांबलेला, शेवटाला फाटणारा. कास भरून आली आणि कुणी आलं नाही की गाय असं ओरडते. आत्यानं दार उघडलं, डब्याची पिशवी उचलली, पुन्हा ठेवली. घरी आता कोण काय करत असेल असा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि तो पुरता संपायच्या आत ती कुंपणाच्या फटीतून पलीकडे होती.

गोठा लांबलचक आणि स्वच्छ होता. माणूस एकही नाही. सगळी मांडवात असावीत, पाहुण्यांच्या सरबराईत. शेवटच्या खणात ती गाय एकटी होती. कास तट्ट फुगलेली, सड बाहेरच्या बाजूला वळलेले. गाय एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. मागच्या दोन्ही पायांना लाल पट्ट्या होत्या.

"दोन्ही पायांनी मारतेस होय," आत्या म्हणाली. "म्हणून तुझ्याजवळ कुणी येत नाही का?"

तिनं कोपऱ्यातली दोरी घेतली, सावकाश बोलत, पाठीवरून हात फिरवत गाईचे पाय बांधले. गाईनं शेपूटसुद्धा हलवली नाही. बादली होती. नळ होता. आत्यानं कास धुतली, बाह्या सरसावून उकिडवी बसली आणि पहिला सड धरला. आधी काहीच येईना. मग घट्ट, पांढरं, मलमासारखं काहीतरी बाहेर आलं. दगडी, तिच्या मनात आलं. कासेचं दुखणं. त्यात अशीच गुठळी येते. गुठळी काढून टाकायची, म्हणजे मागची धार मोकळी होते. चारही सडांतून तिनं ती नीट पिळून काढली. आणि मग दूध आलं.

गाईनं मान खाली घातली. तिच्या कुशीची थरथर थांबत गेली. आत्याचा अंगठा पेटला होता, मनगटापर्यंत कळ जात होती, पण दिवसभरात आपण इथं कशाला आलो आहोत हे तिला पहिल्यांदा नीट कळत होतं. ती शेवटच्या थेंबापर्यंत काढत राहिली.

"अहो! अहो, काय करताय?"

दारात गुडघ्याएवढे गमबूट घातलेली एक तरुण मुलगी उभी होती. हातात पाव, अर्धा खाल्लेला. ती धावत आली, बादलीत बघितलं, मग जमिनीवरच्या त्या पांढऱ्या मलमाकडे बघितलं. ओरडली नाही. तिथंच गव्हाणीच्या काठावर बसली.

"गाय ओरडत होती," आत्या म्हणाली.

"ओरडणारच होती." मुलीचा आवाज अगदी थकलेला होता. "आम्ही तिला आटवतोय. व्यायला आलीय ती. दूध एकदम बंद केलं की गाईला किती त्रास होतो, कधी थांबतो, तेच मी मोजतेय. सडांत औषध भरून वर बूच बसवलं होतं. ते तुम्ही काढलंत."

आत्यानं गाईचं पोट बघितलं. आता बघितलं. शेंबडं पोर सांगेल इतकी ती गाभण दिसत होती. आवाज ऐकला आणि कास बघितली. पोटाकडे तिची नजर गेलीच नव्हती. घरी गाय आटवायची तर ती एकेक धार चुकवत, पेंड कमी करत आटवायची. असं एकाएकी तोंड बांधल्यासारखं कुणी करत असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"पण पायाला लाल—"

"लाल म्हणजे धार काढायची नाही. म्हणून तर बांधतात."

"आमच्याकडे लाल म्हणजे लाथाळ."

मुलगी हसली नाही. "ही? ही मेंढरासारखी गरीब आहे." तिनं पाव खिशात घातला आणि फोन काढला. "सर, जरा गोठ्यात येता का? हो, लगेच. बाहेरचं कुणीतरी... हो, आजच्या पाहुण्यांतलंच असणार."

आत्याचा हात छातीवर गेला. पिवळी पट्टी तिथं होती. पिवळी म्हणजे दगडांचा विभाग. दगडांचा विभाग म्हणजे खडी. गमबूटवाली पाठ करून फोनवर बोलत होती; तेवढ्यात आत्यानं पट्टी सोलली, चुरगाळली आणि मुठीत धरली. ती ओल्या तळव्याला चिकटली.

गोठ्याचे मुख्य आले. टक्कल, बाह्या वर केलेल्या, घाईत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, कुणाबरोबर आलात?"

"कुणाबरोबर नाही. एकटीच. रस्त्यानं चालले होते, गाईचा आवाज आला."

"गेटातून सोडलं तुम्हाला?"

"फट होती कुंपणाला."

नेमके त्याच वेळी भाऊ आणि खडी दारात आले. डब्याला उशीर झाला म्हणून टेम्पोपाशी गेले असणार, दार उघडं दिसलं असणार. त्यांच्यामागं ती उलटी चालणारी मुलगी. रस्ता दाखवायला आली असावी, आता सरळ उभी होती. खडी सगळ्यांत पुढं होती. तिनं आत्याला बघितलं. आत्याच्या चांगल्या कपड्यांना शेण लागलं होतं, बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या, केस गाईच्या कुशीला घासून विस्कटले होते.

मुख्यांनी खडीलाच विचारलं, "ह्या बाई तुमच्यापैकी का?"

आत्यानं खडीकडे बघितलं. परक्या पोरीकडे बघावं तसं बघितलं आणि नजर गाईकडे वळवली.

खडीचं तोंड उघडलं. मग मिटलं.

आत्याला हेच हवं होतं. मनातल्या मनात ती हेच म्हणत होती, गप्प बस, बाई, गप्प बस. आणि खडी गप्प बसली तेव्हा पायाखालची फरशी जरा खाली गेल्यासारखं तिला झालं.

"माझी बहीण आहे," भाऊ म्हणाला. तो लंगडत पुढं आला. "थोरली. काय केलं तिनं?"

मुख्यांनी सांगितलं. भाऊ खाली मान घालून ऐकत होता. आत्या मधेच म्हणाली, "पोरीचा काही संबंध नाही साहेब. तिचा प्रवेश—"

"प्रवेश?" मुख्यांना कळेना. "प्रवेशाचं काय? गाईचा आणि प्रवेशाचा काय संबंध, बाई? मला इथं दोन माणसं द्या आधी. सगळी पोरं मांडवात गेलीत. हिचे सड पुन्हा बंद करायचेत."

मग आत्यानं शेपूट धरली, भावानं दावं धरलं. गमबूटवालीनं चारही सड पुसून एकेकात पुन्हा औषध भरलं, पुन्हा बूच बसवलं. तिचे हात सराईत होते. "ही आता माझ्या अभ्यासातून बाद," ती सडाशीच बोलल्यासारखी म्हणाली. "दुसरी गाय आटायला येईपर्यंत थांबावं लागेल."

"चुकलं माझं," आत्या म्हणाली.

"हिला थोडा वेळ बरं वाटलं, तेवढं खरं." मुलगी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "पण आता हिला पहिल्यापासून ओरडावं लागेल."

*

टेम्पोत भावानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, टेम्पो हलला नाही.

"पाच वाजायचेत अजून," आत्या म्हणाली.

"वाजू देत."

"अरे भाऊ—"

"ताई, तिनं तुला ओळख दिली नाही." तो समोरच्या भिंतीकडे बघून बोलत होता. "अजून इथं यायचीय, तर ही तऱ्हा. चार वर्षांनी घरी आली की दारातून विचारेल, बाई, आपण कोण?"

"मीच दटावलं तिला. डोळ्यांनी. गप्प बस म्हणून."

"नाही," खडी म्हणाली. दोघांच्या मधे ती गुडघे जवळ घेऊन बसली होती. "आत्यानं दटावलं असेल, पण मी ते बघितलंच नाही. मला लाज वाटली."

इंजिन घरघरत राहिलं.

"तिला शेण लागलं होतं आणि ती मुलगी मागं उभी होती. मला वाटलं, मला कुणी विचारलं नसतं तर बरं. आणि आत्ताच नाही, बाबा. तुम्ही गवताचं विचारलंत ना, तेव्हापासून."  लहानपणी फुटलेलं भांडंसुद्धा ही अशीच आणून पुढं ठेवायची. आत्याला वाटलं, आजच्या दिवस खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं?

"ऐकलंस?" भाऊ म्हणाला.

"ऐकलं." आत्यानं मूठ उघडली. पिवळी पट्टी तळव्यावरून सुटेना. ती नखानं खरवडत राहिली. "वाटली तर वाटली. लाज वाटायला परकी माणसं लागतात, भाऊ. मला तीस वर्षांत भेटलीच नाहीत. गाईंपुढं कसली लाज? हिला भेटतायत तर भेटू दे. आधी आपली लाज वाटेल. मग त्या लाजेची लाज वाटेल. मग शहाणी होईल. घरी बसून ते होत नाही."

"आणि नाही झाली शहाणी तर?"

"तर तुझीच मुलगी. कुणाला दोष देणार?"

भावानं नाकातून श्वास सोडला. हसू म्हणता येणार नाही असं काहीतरी त्याच्या ओठांवर आलं आणि गेलं. बराच वेळ तो स्टिअरिंगवर अंगठे घासत राहिला. मग त्यानं किल्ली उलटी फिरवली. इंजिन बंद झाल्यावर गोठ्याकडची शांतता एकदम ऐकू आली.

"कुठं आहे ती खिडकी?"

"मांडवाच्या पलीकडे," खडी म्हणाली.

"तिथं बूट काढून चालतं का?"

"नाही, बाबा."

"मग हळू चाल."

आत्या खाली उतरली, खडीला वाट दिली. उतरताना खडी क्षणभर तिच्यासमोर थांबली, आत्याची ओली बाही तिनं चिमटीत धरली, सोडली.   दोघं बापलेक रस्त्यानं निघाले. या वेळी खडी पुढं गेली नाही. भाऊ बाकापाशी थांबला की तीही थांबत होती.

तो एकटाच परत आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं.

"झालं?"

"झालं." तो पायरीवर टेकला, बूट काढले, मोजेही काढले. टाचेवरचा फोड फुटला होता. "राहायची खोली दाखवतायत तिला. येईल घटकाभरात."

"धारा?"

"काढतील चष्मेवाले. वेड्यावाकड्या का होईनात."

आत्यानं डबा उघडला. झाकण तिला फिरवेना. तिनं ते गुडघ्यांत धरून डाव्या हातानं फिरवलं. भावाचं लक्ष नव्हतं. दोघं टेम्पोच्या सावलीत बसून थंड जेवण जेवायला लागले.

"दोन गाई विकायला काढाव्या लागतील," भाऊ घास चावत म्हणाला. "दोघांना एवढ्या झेपायच्या नाहीत."

"तीन."

"तीन कशाला?"

आत्यानं उजवा हात त्याच्यापुढं धरला आणि अंगठा करंगळीकडे न्यायला बघितलं. तो तळव्याच्या मध्यावर येऊन थांबला, थरथरला, पुढं गेला नाही. अंगठ्याचं मूळ सुजून पिकल्या बोरासारखं झालं होतं. भावाचं चावणं थांबलं.

"कधीपासून?"

"गडी गेल्यापासून."

"बोलली नाहीस."

"बोलले असते तर आज इथं आला असतास?"

डब्यातलं उरलेलं त्यानं तिच्या बाजूला सरकवलं. मग पाण्याची बाटली उघडून, तिचं झाकण आपल्याच हातात ठेवून, बाटली तिला दिली.

"कोणत्या काढायच्या?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

तिला विचार करावा लागला नाही. कितीतरी दिवस धार काढताना तिच्या डोक्यात हाच हिशेब चालला होता. "भुरी. तिचे सड बारीक आहेत, चिमटीत धरावे लागतात. दुसरी शिंगमोडी."

"आणि तिसरी?"

आत्या पाणी प्यायली, तिनं तोंड पुसलं.

"ढवळी."

"ढवळी?" भाऊ तिच्याकडे बघत राहिला. जन्मली त्याच दिवशी ढवळीची आई मेली होती, आणि आत्यानं तिला बाटलीनं पाजून उभी केली होती. "ढवळीला कशाला? ती तर तुझ्याशिवाय कुणाला सहजी सड धरू देत नाही."

"म्हणूनच," आत्या म्हणाली. "आधी ती."